एकाच नावाचे दोन पेशंट

प्रश्न : दवाखान्यात रिसेप्शनवर नुकतीच लागले आहे. सारख्या नावांच्या फायलींची अदलाबदल होते. काय करू?

उत्तर : ‘तुम्हीच सुनीता पाटील ना?’ असं कधीच विचारू नका. गर्दीत, कमी ऐकू येणारा माणूस सरळ ‘हो’ म्हणून मोकळा होतो. पूर्ण नाव आणि वय पेशंटलाच सांगू द्या, मग पत्ता फायलीशी ताडून पाहा. नुसत्या मोबाइल नंबरवर विसंबू नका. घरातल्या चौघांचा मिळून एकच नंबर दिलेला असतो. सारख्या नावांच्या फायलींवर लाल स्टिकर लावा. लॅबचा रिपोर्ट जोडतानाही वय बघाच.

मात्र छातीत दुखतंय, धाप लागलीय किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आहे, तर फाइल राहू द्या. आधी डॉक्टरांना कळवा.