कुठल्या व्हिडिओ गेमनी खेळणाऱ्यांचा सगळ्यात मोठा पोपट केला? आणि जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) ६ आधीच बुक करून ठेवावा का?

दोन प्रश्न विचारलेत तुम्ही, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो: नका करू. धाकट्या भावाकडे एक्सबॉक्स सिरीज एस आहे असं तुम्ही लिहिलंय, मग तर अजिबातच नका करू. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात येईलच.

आधी एक गोष्ट, वाईट गेम वेगळा आणि अपेक्षाभंग करणारा गेम वेगळा. वाईट गेम ढिगाने येतात, कुणी ढुंकून बघत नाही, त्यांच्यावर कोण कशाला चिडेल. पोपट व्हायचा तर आधी कुणीतरी जोरात हवा करावी लागते. आणि इतकी वर्षं हे सगळं बघून माझं मत असं झालंय की गेम आल्यावर बग (चुका) किती, ग्राफिक्स कसे, ही बोंबाबोंब दुय्यम आहे, बघायचं एवढंच की हवा काढून घेतल्यावर खाली गेम उरतो का. उरला तर तो नंतर सुधारतो. नाही उरला तर दुरुस्तीचे किती पॅच टाका.

सायबरपंक २०७७ चं नाव सगळेच घेतात म्हणून तो आधी. पोलंडची सीडी प्रोजेक्ट रेड, विचर ३ हा गाजलेला गेम बनवलेली कंपनी, त्यामुळे लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकला. २०१२ ला घोषणा, २०१९ ला स्टेजवर साक्षात हॉलिवूडचा कियानू रीव्ह्ज, मग एप्रिल २०२० ची तारीख, ती गेली सप्टेंबरवर, तिथून नोव्हेंबरवर, आणि गेम तयार झाला असं जाहीर करून झाल्यावर परत डिसेंबर. ८० लाख प्री-ऑर्डर होत्या, ८० लाख! १० डिसेंबरला आला, भारी पीसीवर बऱ्यापैकी चालला, पण साध्या पीएस४ (प्लेस्टेशन ४) वर आणि जुन्या एक्सबॉक्स वनवर बघवत नव्हता, अडखळत चालायचा, मधेच बंद पडायचा, रस्त्यावरची माणसं डोळ्यांदेखत गायब व्हायची. आठ दिवसांत सोनीने स्वतःच्या स्टोअरवरून गेम काढून टाकला आणि तो परत आला थेट जून २०२१ मधे.

पण मला त्यातल्या बगचा राग येत नाही, बग सगळ्यांचेच असतात. राग याचा की रिलीजच्या आधी रिव्ह्यू करणाऱ्यांना फक्त पीसीची कॉपी दिलेली, वर अट अशी की स्वतः खेळलेलं फुटेज दाखवायचं नाही, कंपनीने दिलेलंच लावायचं. आणि त्याच्या थोडंच आधी गुंतवणूकदारांना सांगून ठेवलेलं की एवढ्या मोठ्या गेमच्या मानाने जुन्या कन्सोलवर आश्चर्य वाटेल इतका चांगला चालतोय. आता आपल्याकडे पीएस५ आला २ फेब्रुवारी २०२१ ला. म्हणजे त्या डिसेंबरमधे भारतात ज्याच्या घरी प्लेस्टेशन होता तो पीएस४ वालाच, म्हणजे ज्या मशीनवर गेम कसा चालतो हे मुद्दाम कुणाला बघू दिलं नाही नेमका तोच माणूस.

ठाण्यात घोडबंदरला घर शोधत फिरलेल्या माणसाला हा प्रकार नवीन नाही, सॅम्पल फ्लॅट बघितलाय ना तुम्ही? बेड मापापेक्षा जरा छोटा बनवून घेतलेला, आतल्या खोल्यांना दारंच नाहीत म्हणजे जागा मोठी वाटते, एसी फुल, कोपऱ्यात कृत्रिम झाड. गेमच्या मोठ्या प्रदर्शनांत, म्हणजे शोमधे, दाखवतात ते डेमो तसेच असतात. गेमवाल्यांच्या भाषेत व्हर्टिकल स्लाइस म्हणतात त्याला, म्हणजे पूर्ण गेम अजून बनलेलाच नाहीये पण दहा-पंधरा मिनिटांचा एक तुकडा पार शेवटच्या पॉलिशपर्यंत सजवायचा. त्यात दर वेळी फसवायचाच हेतू असतो असं नाही, पैसे लावणाऱ्याला काहीतरी दाखवावं लागतंच की. गोची अशी होते की तो तुकडा हाताने एकेक गोष्ट जुळवून केलेला असतो आणि तसंच सगळं शहर करायला गेलं की मशीनला झेपत नाही, माणसं पुरत नाहीत, तारीख डोक्यावर येते, मग आज हे काढ उद्या ते काढ. वॉच डॉग्ज आठवतो का, २०१२ च्या शोमधे काय तो पाऊस, काय तो वारा, आणि २०१४ ला हातात आला तेव्हा सगळं फिकं. वर एका मॉडरने (गेमच्या फायलींत हौसेने बदल करणाऱ्याने) फायली उकरून दाखवलं की शोमधल्या ग्राफिक्सची बरीचशी सेटिंग गेमच्या आतच पडून आहेत, नुसती बंद करून ठेवलीयत.

अँथमची तर कमालच. बायोवेअरसारखा नावाजलेला स्टुडिओ, २०१७ च्या शोमधे तो उडणारा सूट बघून सगळे खलास. नंतर पत्रकारांनी आतली बातमी काढली त्यात असं होतं की हा गेम नक्की काय असणार आहे हे बनवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना त्या डेमोमुळेच कळलं, आणि नाव सुद्धा शोच्या काही दिवस आधी बदललेलं, आतल्या लोकांसाठी तोपर्यंत तो बियॉंड होता. फेब्रुवारी २०१९ ला आला. उडायला खरंच मस्त वाटायचं पण उडून जायचं कुठे? सुधारून परत आणू म्हणाले, ते २०२१ ला रद्द केलं आणि १२ जानेवारी २०२६ ला सर्व्हरच बंद. ऑनलाइन शिवाय चालतच नसल्यामुळे ज्यांनी पूर्ण पैसे मोजून घेतलेला त्यांच्याकडे आता फक्त डबा आहे.

याच्या बरोबर उलटं नो मॅन्स स्काय. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डची छोटीशी टीम, त्यांनी सांगितलं १८ क्विंटिलियन ग्रह असतील, म्हणजे १८ वर १८ शून्य द्या. टीमचा प्रमुख शॉन मरे टीव्हीवर जाऊन सांगायचा की दुसरा खेळाडू भेटू शकतो, फक्त शक्यता फार कमी आहे. ऑगस्ट २०१६ ला गेम आला आणि पहिल्याच दिवशी दोन जण ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले. एकमेकांना दिसलेच नाहीत! कारण ती सोय गेममधे नव्हतीच. लोकांनी असल्या शिव्या घातल्या की विचारू नका, इंग्लंडच्या जाहिरात नियामकाकडे तक्रारी गेल्या (त्यात कंपनी सुटली, तो भाग वेगळा). मग मरेसाहेब गप्प बसले, मुलाखत नाही काही नाही, आणि एकामागून एक अपडेट टाकत गेले, सगळे फुकट, २०१८ ला खरं मल्टिप्लेअर आलं आणि आज तो गेम आवडीने खेळणारे खूप आहेत. सायबरपंकचंही तेच, २०२३ ला २.० अपडेट आणि फँटम लिबर्टी हा जोडभाग आला तेव्हा तो जवळजवळ नवा गेम झालेला. दोन्हीकडे खाली पाया होता, वरचं प्लास्टर पडलेलं. तरी मी म्हणेन की पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला घेतलेल्या माणसाला हे सांगून उपयोग नाही, त्याने पैसे २०२० च्या गेमचे दिले होते.

आता तुम्ही विचारलंय सगळ्यात मोठा कुठला, तर माझ्यासाठी यातला एकही नाही. माझ्यासाठी जीटीए ट्रिलॉजीची डेफिनिटिव्ह एडिशन, म्हणजे जीटीए ३, व्हाइस सिटी आणि सॅन अँड्रियास हे तीन जुने गेम नव्याने करून, नोव्हेंबर २०२१.

याला कारण आहे. माझ्या वयाची ठाण्यातली पोरं गेमिंग शिकली ती सायबर कॅफेत, आमचा नौपाड्यात होता, तासाचे वीस रुपये, आणि प्रत्येक मशीनवर व्हाइस सिटी. मिशन कुणी पूर्ण करायचं नाही कारण त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या मिशनला सगळेच अडकायचे, मग पँझर हा चीट कोड (गेममधला गुप्त शब्द) टाइप करायचा, रणगाडा पडला की पोलीस मागे लावून घ्यायचे, तास संपला. सॅन अँड्रियास आला तेव्हा हेसोयाम हा तिथला चीट कोड शाळेतल्या कुठल्याही कवितेपेक्षा जास्त पोरांना पाठ होता. तर हे तिन्ही गेम नवीन करून येणार म्हटल्यावर यांना ट्रेलरची गरजच नव्हती, वीस वर्षं आम्हीच फुकटात हवा भरत होतो.

काम दिलं एका छोट्या स्टुडिओला, ज्यांनी आधी याच गेमच्या मोबाइल आवृत्त्या केलेल्या. पाऊस असा पाडलेला की समोरचं दिसेना. चेहरे सुजलेले. जुनी चित्रं सॉफ्टवेअरने मोठी करून घेतली आणि नीट तपासली नाहीत, त्यामुळे डोनटच्या दुकानावरचा षटकोनी नट (बोल्टचा असतो तो) गुळगुळीत गोल होऊन बसला. हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण धुकं काढलं ना, ते नाही.

म्हणजे बघा, जुन्या सॅन अँड्रियासमधे लांबचं दिसायचंच नाही, पीएस२ ला तेवढं झेपत नव्हतं म्हणून धुकं आणि ती नारिंगी धुरकट हवा. पण त्या धुक्यामुळेच गेममधल्या लॉस सँटोस शहराहून सॅन फिएरोला निघालं की आपण लांब कुठेतरी चाललोय असं वाटायचं, मधे गावं, डोंगर, पुढे काय आहे माहीत नाही. यांनी विचार केला असेल की आता मशीन ताकदवान आहेत, कशाला हवं धुकं, आणि उडवलं. विमान जरा वर नेलं की जवळजवळ आख्खा नकाशा एका नजरेत, इथे लॉस सँटोस संपलं की तिकडे लगेच पुढचं शहर. एवढंसंच होतं ते? आमच्या जुन्या ग्रुपवर कुणीतरी तो व्हिडिओ टाकला आणि एरवी एकेका शॉटवर भांडणारी मंडळी, कुणी काही लिहिलंच नाही. एकाने मग लिहिलं, हे कशाला दाखवलंस.

जीटीएची कंपनी रॉकस्टारने आठवड्याभरात माफी मागितली. नवीन यायच्या आधी जुने तिन्ही गेम दुकानातून काढले होते ते पीसीवाल्यांना परत द्यावे लागले. आणि नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटमधे जुन्या धर्तीचा प्रकाश आणि धुकं पुन्हा आणलं! तीन वर्षं लागली. आता बरा आहे म्हणतात.

फौ-जी या भारतीय मोबाइल गेमबद्दल माझं मत जरा वेगळं आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. २ सप्टेंबर २०२० ला पबजी बंद झाला, सोसायटीच्या जिन्यात बसणारी पोरं एका रात्रीत बेकार, आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारने घोषणा केली, नावही पबजीला यमक जुळेल असं. २६ जानेवारी २०२१ ला आला. लोकांनी उघडला तर एकट्याने चालत जायचं, समोर येतील त्यांना हाताने, दांडक्याने मारायचं, शेकोटीपाशी बसलं की तब्येत भरते. बंदूक कुठाय? मॅप कुठाय? चिकन डिनर कुठाय? प्ले स्टोअरवर रेटिंग धडाधड खाली. पण गेम गलवानवर होता आणि जून २०२० ला गलवानमधे गोळीबार झालाच नव्हता, दांडकी आणि दगडांनीच मारामारी झालेली. म्हणजे विषयाशी तो प्रामाणिक होता हो. गेम म्हणून कंटाळवाणा होता हे खरंच, दहा मिनिटांत तेच तेच, पण तो साधा मारामारीचा गेम म्हणून गुपचूप आला असता तर एवढा कुणाचा भडका उडाला नसता. पबजीने सोडलेली जागा भरायला निघाल्यासारखी त्याची हवा झाली आणि ती हवा कुणी थांबवली पण नाही, कारण नोंदणी पहिल्याच दिवसात दहा लाखांच्या वर गेली होती. जुलैमधे बीजीएमआय, म्हणजे पबजीचीच भारतीय आवृत्ती, आला आणि पोरं परत जिन्यात.

क्रिकेटच्या गेमबद्दल बोलायलाच नको, २०१३ चा अ‍ॅशेस क्रिकेट स्टीमवर (पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात) आला आणि काही दिवसांत कंपनीने स्वतःच मागे घेऊन लोकांना पैसे परत दिले, इतका भयाण. त्यामुळे २००६ ला आलेला ईएचा क्रिकेट ०७ लोक अजून नवीन जर्सीचे पॅच टाकून खेळतात.

आता तुमच्या भावाचं. जीटीए ६ वाईट निघेल असं मी म्हणत नाहीये, रॉकस्टारचे मुख्य गेम कच्चे येत नाहीत, आणि तारीख दोनदा पुढे ढकललीय ती माझ्या मते चांगलीच खूण आहे. पण दुसरा ट्रेलर पीएस५ वर टिपलाय आणि तुमच्याकडे सिरीज एस आहे, या पिढीतल्या एक्सबॉक्स-प्लेस्टेशनमधलं सगळ्यात कमी ताकदीचं मशीन, तिथे काय होतं ते सायबरपंकने दाखवलंय. डाउनलोड करायचा गेम काही दुकानातून संपत नाही. म्हणून आला की रिव्ह्यूचे आकडे बघू नका, सिरीज एस वर खेळलेला, कंपनीने न दिलेला व्हिडिओ शोधा, दुसऱ्या दिवशी शंभर मिळतील. आणि भाऊ फारच मागे लागला असेल तर आत्ता त्याला तेवढ्याच रकमेचं एक्सबॉक्सचं गिफ्ट कार्ड देऊन टाका, पैसे त्याच्याच अकाउंटला राहतील आणि नाहीच आवडला व्हिडिओ तर त्यात सेलमधले तीन-चार जुने गेम येतात, त्यात पॅच होऊन बरा झालेला सायबरपंक पण घेऊ शकेल, फक्त तो सिरीज एस वाला असल्यामुळे डिस्क घेऊ नका म्हणावं, त्याला ड्राइव्हच नाहीये.