‘नाकाने काय करतो?’ या प्रश्नाला तिने दिलेले उत्तर

चार वर्षे पूर्ण झालेल्या एका मुलीचे आईवडील बालवाडीतून आलेल्या शेऱ्यामुळे अस्वस्थ होऊन माझ्याकडे आले होते. पाच ज्ञानेंद्रियांचा तक्ता समोर धरून ‘नाकाने आपण काय करतो?’ असे विचारले की मुलगी ‘नाक पुसतो’ म्हणते आणि ‘कानाने?’ या प्रश्नावर गप्प राहते. वर्गातली इतर मुले पटापट उत्तरे देतात, मग हिची समज कमी आहे का, ही त्यांची चिंता होती. अशी चिंता घेऊन येणारे पालक मला नेहमी भेटतात.

मला त्या उत्तरात कोणतीही उणीव दिसली नाही. नाक वाहू लागले की ते पुसावे लागते, हा तिचा रोजचा अनुभव आहे. वास घेण्याचे काम मात्र इतके सहज घडते की त्याकडे तिचे लक्ष जाण्याचे कारणच नसते. तक्त्यावरचा प्रश्न अवयव आणि क्रियापद यांची जोडी पाठ आहे का, एवढेच तपासतो.

तरीही श्रवणाची खात्री करणे आवश्यक होते, कारण वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे द्रव साठून ऐकू येणे काही काळ मंदावू शकते आणि घरात ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तपासणी करून घेतली. श्रवण उत्तम होते.

पुढच्या भेटीत मी कापडी पिशवीत किल्ली, कापूस आणि लाकडी ठोकळा ठेवला व न पाहता ओळखायला सांगितले. किल्लीला हात लागताच ती ‘थंड आहे, दातवाली आहे’ असे म्हणाली. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये लहान मुलांसाठी ‘बालगृह’ नावाची आपली पहिली शाळा सुरू केली. त्यांच्या साधनांमागचे, एका वेळी वस्तूचा स्पर्श किंवा रंग असा एकच गुण मुलापुढे ठेवण्याचे तत्त्व मला आजही सर्वांत उपयोगी वाटते.

नंतर तीन भांडी मांडली. एक हात गार पाण्यात, दुसरा सोसवेल इतक्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून तिने दोन्ही हात एकदम कोमट पाण्यात घातले, तेव्हा एका हाताला तेच पाणी गरम आणि दुसऱ्याला गार लागले. ‘एक हात खोटं बोलतोय!’ असे ती ओरडली आणि कोणता हात, हे शोधण्यासाठी तिने सगळे पुन्हा करायला लावले. वडील कारण सांगायला पुढे झाले, तेव्हा मी त्यांना थांबवले; त्वचेला पाण्याचे नेमके तापमान मोजता येत नाही, बदल तेवढा कळतो, हे ती पुढे कधीतरी शिकेलच, परंतु त्या क्षणी तिची स्वतःची शंका अधिक मोलाची होती.

तक्ता काही दिवस बाजूला ठेवून ‘हे काय आहे?’ आणि लगेच ‘कशावरून ओळखलंस?’ असे दोन प्रश्न विचारत राहा, एवढेच मी घरासाठी सुचवले. काही आठवड्यांनी आईने सांगितले की ‘वासावरून’, ‘आवाजावरून’ अशी उत्तरे ती आपणहून देऊ लागली आहे. अनोळखी बाटलीतले काहीही हुंगायचे किंवा चाखायचे नाही, हा नियम मात्र पहिल्याच दिवशी सांगायला हवा. जिभेच्या टोकाला गोड, मागे कडू असे कप्पे दाखवणारे चित्रही शिकवू नये, कारण सर्व चवी जिभेच्या सर्व चवग्राही भागांवर कळतात.

एखादे मूल साध्या आवाजानेही सतत कान झाकत असेल, कपड्यांचा स्पर्श त्याला असह्य होत असेल किंवा हाक मारल्यावर ते वळून पाहत नसेल, तर मात्र खेळांवर विसंबून न राहता बालरोगतज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा.