लाकडी बॉडीच्या जुन्या स्टेशन वॅगनची मॉडेल्स जमवायची आहेत. कोणत्या स्केलपासून सुरुवात करू आणि चांगलं मॉडेल ओळखायचं कसं?

गेल्या १४ वर्षांत माझ्याकडे अशा ३१ ‘वुडी’ जमल्या आहेत, त्या अनुभवावरून सांगतो.

स्केल १:४३ घ्या. पाच मीटरची खरी वॅगन या मापात साडेअकरा सेंटिमीटरची होते, तीच १:१८ मध्ये जवळजवळ २८ सेंटिमीटर. आपल्या घरांतल्या कपाटांना १:४३ च परवडतं, शिवाय या मापात निवडही भरपूर आहे.

आता मुख्य गोष्ट. मॉडेल हातात घेतलं की चाकं, बंपर नंतर बघा, आधी लाकूड बघा. ते खरं लाकूड नसतंच. आत जस्ताचा मिश्रधातू, व्हाइट मेटल किंवा रेझिन असतं आणि वर रंग किंवा डिकॅल, म्हणजे चिकटवायचं पातळ छापील चित्र. मॉडेल बनवणाऱ्याचं सगळं कसब तिथेच दिसतं. चौकटीच्या पट्ट्या मधल्या फळीपेक्षा उठून आलेल्या हव्यात, नख फिरवलं की कळायला हवं. दोन्हींचे रंगही वेगळे हवेत. १९४१ च्या क्रायस्लर टाउन अँड कंट्रीची चौकट फिकट अॅश लाकडाची आणि मधल्या फळ्या गडद महोगनीच्या होत्या. तिच्या मॉडेलवर सगळीकडे एकच तपकिरी फासला असेल तर पैसे घालवू नका.

तिसरी खूण मला वडिलांनी दाखवली. ते सुतार होते. माझं पहिलं मॉडेल त्यांनी चष्मा वर करून न्याहाळलं आणि म्हणाले, “ही उभी पट्टी आडव्या रेघांची आहे. दार दोनदा आपटलं की मोडेल.” बघतो तर खरंच, अख्ख्या दारावर एकच छापील कागद चिकटवला होता. उभ्या पट्टीत लाकडाच्या रेघा उभ्याच जायला हव्यात, आडवीत आडव्या. रेघ बारीकही हवी. १:४३ मध्ये अर्धा मिलिमीटरची रेघ म्हणजे खऱ्या दारावर दोन सेंटिमीटरहून रुंद पट्टा!

काय जमवायचं? माझं ऐकाल तर कंपनी किंवा रंग धरून जमवू नका, लाकडाची गोष्ट धरून जमवा. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि सामान हॉटेलात न्यायच्या गाड्या म्हणून ‘स्टेशन’ वॅगन हे नाव पडलं. १९२९ मध्ये फोर्डने मॉडेल ए वर अशी वॅगन कारखान्यातून विकायला काढली. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर भागात फोर्डची स्वतःची जंगलं होती, आयर्न माउंटनला लाकडाचा कारखाना होता आणि उरलेल्या तुकड्यांचा कोळसा करून तोही विकला जाई. पण या गाड्यांना वरचेवर वॉर्निश लागायचं, सांधे सैल व्हायचे, पाणी मुरलं की लाकूड कुजायचं. १९४६ ची विलिस जीप वॅगन अख्खी पोलादी आली, नुसती लाकडासारखी रंगवलेली. खऱ्या लाकडाची शेवटची मोठी अमेरिकन वॅगन १९५३ ची ब्युइक. फोर्डच्या कंट्री स्क्वायरवर मात्र नकली लाकूड पुढे १९९१ पर्यंत टिकलं. मॉडेल ए, क्रायस्लर, विलिस, ब्युइक आणि एक नकली लाकडाची कंट्री स्क्वायर ओळीने मांडून बघा, खरं लाकूड कसं गेलं ते सांगावं लागत नाही.

माझी सगळ्यांत लाडकी मात्र ब्रिटिश आहे, मॉरिस मायनर ट्रॅव्हलर (१९५३ ते १९७१). तिची मागची अॅशची चौकट शोभेची नाही, गाडीचा मागचा भाग खरोखर तिच्यावर उभा असतो. आपली अॅम्बॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली तिचीही लाकडी ट्रॅव्हलर होती, हे कळलं त्या दिवशी मी फार हरखलो होतो. आपल्याकडेही हे काही परकं नव्हतं, १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर धावलेली पहिली एसटी लाकडी बॉडीचीच होती.

मायनर ट्रॅव्हलर ऑक्सफर्ड डायकास्ट आणि व्हॅनगार्ड्स या दोन्ही मॉडेलवाल्यांनी काढली आहे. सुरुवात तिच्यापासूनच करा. जुनी खेळणी आवडत असतील तर डिंकी आणि कॉर्गी या ब्रिटिश खेळण्यांच्या कंपन्या बघा: डिंकीची १९५० च्या सुमाराची प्लिमथ आणि कॉर्गीची १९६५ ची मिनी कंट्रीमन, टपावर सर्फबोर्ड असलेली, शोधा. या दोन्हींत रंग उडालेली मूळ गाडी मिळाली तर घ्या, कुणी नव्याने रंगवलेली घेऊ नका. अशा रंगाखाली झिजलेले उठाव बुजवलेले असतात.

कपाट खिडकीसमोर ठेवू नका. माझ्या दोन गाड्यांची उन्हाकडची बाजू तीन वर्षांत पांढरट पडली, दुसरी बाजू अजून मधासारखी आहे. धूळ ओल्या फडक्याने पुसू नका, डिकॅलच्या कडा सुटतात. मऊ, कोरडा रंगाचा ब्रश वापरा, तोही रेघांच्या दिशेने.