वाचकांचे प्रश्न : ऑनलाइन लिलावातील जुने वाहन

प्रश्न : पाच-सहा वर्षे वापरलेली एखादी छोटी मोटार घेण्याचा माझा विचार आहे. बँकांनी थकबाकीपोटी ओढून आणलेल्या गाड्या ऑनलाइन लिलावात बाजारभावापेक्षा बऱ्याच स्वस्त दिसतात. मला पसंत पडलेली गाडी पुण्याजवळच्या एका यार्डात उभी आहे आणि संकेतस्थळावर तिची दहा-बारा छायाचित्रे आहेत. तेवढ्यावर बोली लावावी का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : केवळ छायाचित्रांवर बोली लावू नये, हे तर खरेच; परंतु आपल्या पत्रात गाडीच्या स्थितीची जेवढी चिंता दिसते तेवढी तिच्या कागदांची दिसत नाही, आणि आमच्या मते लिलावातला खरा धोका तिथेच असतो. इंजिन बिघडलेले निघाले तर शिवाजी उद्यमनगरात ते उघडून पुन्हा बसवणारे मिस्त्री आहेत. नावावर न होणारी गाडी मात्र कोणत्याही मिस्त्रीला दुरुस्त करता येत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा, की विकणारा नेमका कोण आहे आणि कोणत्या अधिकाराने विकतो आहे. केंद्र किंवा राज्य सरकारने, अथवा त्यांच्या वतीने, केलेल्या जाहीर लिलावात वाहन घेतले असेल तर खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत नमुना ३२ भरून आरटीओकडे हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो आणि हा मार्ग त्यामानाने सरळ आहे. बँकेची गोष्ट वेगळी. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, मालक म्हणून कर्जदाराचे नाव असते, बँकेचा असतो तो केवळ बोजा. कर्जदार आरसी देण्यास नकार देत असेल किंवा फरार असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार बँक नमुना ३६ भरून स्वतःच्या नावाने नवी आरसी मागू शकते, आणि आरटीओ मूळ मालकाला बाजू मांडण्याची संधी देऊन ती देते. अशी आरसी बँकेकडे तयार असेल तर पुढे मालकी हस्तांतरणाच्या नमुना २९ आणि ३० यांवर काम होते. कर्ज देतानाच कर्जदाराच्या सह्या घेऊन ठेवलेले कोरे नमुने खरेदीदाराच्या हाती देण्याची पद्धतही काही ठिकाणी आढळते. त्या सह्यांना मूळ मालकाने नंतर हरकत घेतली तर आरटीओच्या फेऱ्या आपल्या वाट्याला येतील. तेव्हा आरसी कोणाच्या नावावर आहे, बोजा उतरवण्याचा नमुना ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र केव्हा मिळेल आणि हस्तांतरण अडल्यास पैसे परत मिळतील का, या तिन्ही गोष्टींची उत्तरे बोलीपूर्वी ईमेलवर घ्यावीत. उत्तर देण्यास टाळाटाळ झाली तर ती गाडी सोडून द्यावी, अशा गाड्या पुन्हा येतात.

यानंतर वाहन क्रमांकावरून परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीत नोंदणीची तारीख, इंधन, बोजा, विम्याची आणि पीयूसीची मुदत तपासावी, तसेच ई-चलने थकलेली असतील तर ती कोण भरणार हे विचारावे. यार्डात गेल्यावर चेसिसवर ठोकलेला क्रमांक स्वतः वाचून आरसीशी ताडून पाहावा. हा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत. घासल्याच्या किंवा वेल्डिंगच्या खुणा दिसल्या तर पुढची तपासणी करण्याचेही कारण उरत नाही.

गाडी पाहायला ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा, त्याची दिवसाची मजुरी ही या व्यवहारातली सर्वांत स्वस्त बाब ठरेल. यार्डात सहसा इंजिन सुरू करून दाखवतात, रस्त्यावर चालवून पाहू देत नाहीत. महिनोन्‌महिने उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी बसलेली असते, ब्रेक धरलेले असतात, टायर एका बाजूने चपटे झालेले असतात आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलेले असण्याचीही शक्यता असते. किल्ली एकच आहे की दोन, हेही विचारावे. ‘जशी आहे, जेथे आहे’ या अटीवर विक्री होते याचा अर्थ असा, की नंतर सापडलेल्या दोषाची तक्रार ऐकून घेण्यास विक्रेता सहसा बांधील राहत नाही.

बोलीची रक्कम म्हणजे गाडीची किंमत नव्हे. तिच्यावर लिलाव कंपनीचे शुल्क व त्यावरील जीएसटी, काही वेळा यार्डाचे भाडे, हस्तांतरणाचा खर्च, नवा विमा आणि पुण्याहून कोल्हापूरपर्यंतच्या सुमारे २३० किलोमीटरची वाहतूक चढते. विमा संपलेला असेल तर गाडी चालवत आणणे बेकायदेशीर आहे. आधी किमान तृतीय पक्ष विमा घ्यावा, नाहीतर गाडी ट्रकवर चढवून आणावी. हे सर्व बाजारभावातून वजा करून जो आकडा उरेल त्याच्याही बऱ्याच खाली आपली कमाल बोली कागदावर लिहून ठेवावी. शेवटच्या मिनिटांत बोली आली की बहुतेक संकेतस्थळांवर वेळ आपोआप वाढतो, आणि त्या वाढीव मिनिटांतच माणसे ठरवलेला आकडा विसरतात. सर्वोच्च बोली लागली तरी विक्रेत्याची मंजुरी येईपर्यंत गाडी आपली झालेली नसते. उलट मंजुरीनंतर आपण मागे फिरलो तर अनामत रक्कम जप्त होते.

प्रश्न : लिलावात माझी बोली मंजूर झाल्याचा फोन आला. ‘आजच्या आज पैसे भरा, नाहीतर गाडी दुसऱ्याला जाईल,’ असे सांगून एका व्यक्तीच्या खात्यावर रक्कम पाठवायला सांगितले आहे. काय करावे?
— एक वाचक, कागल

उत्तर : पैसे पाठवू नयेत. मंजुरीचे पत्र संकेतस्थळावरील आपल्या खात्यात दिसले पाहिजे आणि रक्कम लिलावाच्या अटींमध्ये छापलेल्या, बँकेच्या किंवा कंपनीच्या नावाच्या खात्यातच गेली पाहिजे. फोन करणाऱ्याने दिलेल्या क्रमांकावर खातरजमा करण्यात अर्थ नाही. संबंधित बँकेच्या शाखेत प्रत्यक्ष जाऊन विचारावे. याआधीच रक्कम गेली असेल तर विलंब न लावता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, कारण पैसे पुढच्या खात्यात वळवले जाण्यापूर्वी गोठवता येणे वेळेवरच अवलंबून असते.

प्रश्न : विमा कंपनीच्या वतीने चाललेल्या लिलावात पुरात बुडालेली एक मोटार निम्म्याहूनही कमी किमतीत आहे. घ्यावी का?
— एक वाचिका, शिरोळ तालुका

उत्तर : पुराचे पाणी ओसरल्यावर घरात काय उरते हे २०१९ आणि २०२१ नंतर आपल्या भागात कोणाला सांगायला नको. मोटारीचेही तसेच असते. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल तर विमा कंपन्या ती गाडी पूर्ण हानी झालेली धरतात. म्हणजे आपण जी गाडी दुरुस्त करून वापरू पाहता, ती दुरुस्त करणे परवडत नाही असा हिशेब जाणकाराने आधीच केलेला आहे. बुडालेल्या अवस्थेत कोणी इंजिन सुरू करून पाहिले असेल तर सिलिंडरमधले पाणी दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकतात. ते निदान उघडल्यावर कळते. वायरिंगच्या जोडांमध्ये शिरलेला ओलावा मात्र हळूहळू गंज धरवतो आणि एअरबॅगचा दिवा किंवा पॉवर स्टीअरिंग कित्येक महिन्यांनी दगा देते. तपासताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावरची पाण्याची रेघ पाहावी, गालिचा उचलून खालचा गाळ आणि आसनांच्या रुळांवरचा गंज पाहावा. पुराची झळ लागलेली गाडी कोल्हापूरच्या ‘एमएच ०९’ क्रमांकाचीच असेल असे नाही, ऑनलाइन लिलावात ती कोणत्याही राज्यातून येते आणि क्रमांकाची पाटी पाण्याबद्दल काही सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे ही गाडी आरसीसह विकली जात आहे की आरसीशिवाय, हे पाहावे. आरसीशिवाय विकलेली गाडी ही केवळ सुट्या भागांसाठी असते, ती रस्त्यावर आणता येत नाही. अशा गाडीचा चेसिस क्रमांक चोरीच्या तशाच गाडीवर ठोकून ती विकण्याचे प्रकार देशात अनेकदा उघडकीस आले आहेत, त्यामुळे ‘आरसीचे आम्ही बघतो’ असे म्हणणाऱ्या एजंटापासून दूरच राहावे. आरसी मिळणार असली तरी नव्या पूर्ण विम्यासाठी कंपनी तयार आहे का, हे बोलीआधी विचारून घ्यावे. हाताशी स्वतःचे गॅरेज नसेल तर आमचे मत नकाराचे आहे.

प्रश्न : बेळगावात लिलावाला आलेला कर्नाटक पासिंगचा छोटा मालवाहू टेम्पो कोल्हापुरात आणून वापरता येईल का?
— एक वाचक, गांधीनगर

उत्तर : येईल, परंतु बेळगावच्या आरटीओचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र विक्रेता मिळवून देणार की ते आपल्यालाच आणावे लागणार, हे आधी ठरवून घ्यावे, ते आल्याशिवाय येथे हस्तांतरण होत नाही. महाराष्ट्राचा कर वेगळा भरावा लागतो, तोही हिशेबात धरावा. एकूण भारासह वजन ३,००० किलोंपेक्षा अधिक नसेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही, फिटनेस प्रमाणपत्र मात्र लागतेच. वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत ते दोन-दोन वर्षांचे मिळते, त्यानंतर दरवर्षी पासिंग करावे लागते. म्हणून सात वर्षांचा टेम्पो आणि चार वर्षांचा टेम्पो यांच्या बोलीतला फरक ठरवताना हा वार्षिक खर्चही धरावा.