पद्मिनीची पहिली फेरी

अभिनंदन भावा! पण तुझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीत नवं इंजिन बसलं म्हणून लगेच पुणे हायवेला पळवू नको. पहिली फेरी पहाटे, होटगी रोडला, चार-पाच किलोमीटरच. सोलापूरच्या दुपारी रेडिएटरची परीक्षा कशाला?

निघण्याआधी ब्रेक तपास. इंजिनच्या नादात नेमकं तेच राहतं.

- ऑइलचा लाल दिवा चालताना लागला की तिथंच इंजिन बंद. ‘घर जवळच आहे’ म्हणत मी एकदा बेअरिंगं घालवलीत.
- तापमानाचा काटा चढला तर थांब. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नको.
- कमी वेगात वरच्या गिअरात रेटू नको, सतत एकाच वेगात चालवूही नको.

परतल्यावर खाली पुठ्ठा टाक, गळती लगेच दिसते. ५०० किलोमीटरला ऑइल बदल. कार्बोरेटरचं (पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाचं) नंतर बघू.