दोन सह्या

चि. बाय, अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. "काका, मी आता ड्युअल सिटिझन होणार", आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. आधी त्या उद्गारचिन्हांचं बघू, मग कुठल्या गावात राहायचं ते.

तू दुहेरी नागरिक होणार नाहीस. आजोबा पोर्तुगीज गोव्यात जन्मले म्हणून तुला पोर्तुगालचं नागरिकत्व मिळेल. पण पोर्तुगालला तुझं दुसरं नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं, की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की इथलं संपलं. त्यासाठी कुणी नोटीस पाठवत नाही, दारावर पोलीस येत नाही, म्हणून लोकांना ते संपल्याचं कळतही नाही. आपल्याकडे "बिल्हेत केलं" म्हणतात, म्हणजे पोर्तुगीज ओळखपत्र काढलं, जणू रेशनकार्ड केलं. तुझे आजोबा १९६१च्या डिसेंबरात अर्ज न करता भारतीय झाले. तू अर्ज करून परकी होणार आहेस. हो, पण डोळे उघडे ठेवून हो.

मग तुझ्या हातात येतं ते ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड. नावात 'सिटिझन' आहे म्हणून फसू नकोस. तो जन्मभराचा व्हिसा आहे. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही, शेतजमीन विकत घेणं नाही. वडिलोपार्जित कुळागर वारशाने येईल तेवढंच. अंतोनियो कोश्ता, मडगावच्या कोश्तांचे वंशज, पोर्तुगालचे पंतप्रधान म्हणून २०१७ साली भारतात आले तेव्हा त्यांनाही ओसीआयच मिळालं. त्याहून जास्त तुला कोणी देणार नाही.

दोन्ही पासपोर्ट खिशात ठेवून फिरणारे आपल्या वाड्यावर दोन-चार आहेत, ते तुला सांगतील की काही होत नाही. बरीच वर्षं खरंच काही झालं नाही. मग भारतीय पासपोर्ट रद्द व्हायला लागले, आणि पासपोर्ट परत केल्याचा दाखला नाही म्हणून ओसीआयही अडलं. २०२४ साली केंद्राने पासपोर्ट रद्द केल्याचा दाखलाही ग्राह्य धरायचं ठरवलं तेव्हा कुठे त्यातल्या बऱ्याच जणांना श्वास घेता आला. तू त्या रांगेत जाऊ नकोस. नागरिकत्व मिळालं की भारतीय पासपोर्ट जमा कर, दाखला घे आणि तो आजोबांच्या तेओरबरोबर, म्हणजे पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्याबरोबर, एकाच फाइलमध्ये ठेव.

तेओरवरून आठवलं. आजोबांचं नाव त्यात कसं लिहिलंय ते नीट बघितलंस का? पोर्तुगीज कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचा, आणि 'श'साठी 'एक्स'. शंकरचा शेंकोरा होतो. आडनावाचं स्पेलिंग बापाच्या दाखल्यात एक, मुलाच्या आधारवर दुसरं. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात आधी आजोबा, मग बाबा, मग तू अशी साखळी जुळवायची असते, आणि एका अक्षराने ती तुटते. माझी दीड वर्षं एका जास्तीच्या 'ओ'मध्ये गेली. फोंड्यातला एजंट "बघतो, बघतो" म्हणत राहिला आणि शेवटी ते काम मीच पणजीला खेटे घालून केलं.

आता तुझा खरा प्रश्न: कुठे जाऊ, आपली माणसं कुठे आहेत?

इंग्लंडमधलं स्विंडन डोक्यातून काढून टाक. मी २००८ साली गेलो तेव्हा पोर्तुगीज पासपोर्टवर गोदामात थेट काम मिळायचं, आणि बसमध्ये कोंकणी ऐकू यायची. ब्रेक्झिट झालं, २०२० संपलं आणि ती वाट बंद झाली. आधीपासून राहत असलेल्यांनी तिथे राहायचा हक्क नोंदवला, त्याचीही साधारण मुदत ३० जून २०२१ला संपली. आता त्या पासपोर्टवर नुसतं फिरायला जायचं तरी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. "माझा चुलतभाऊ तिथे आहे" ही गोष्ट खरी, पण उपयोगाची नाही. आयर्लंड उघडं आहे, भाषा इंग्रजी आहे, पण तिथल्या घरभाड्याची चौकशी करूनच पुढचं स्वप्न बघ.

मी स्विंडनहून लिस्बनला आलो तेव्हा तुझ्यासारखाच आधी आपला माणूस शोधला. सापडलाही, आपल्याच तालुक्यातला. एका खोलीत चौघं, स्वयंपाकघराची पाळी, आणि भिंतीला ओल अशी की गादीच्या कडेला बुरशी धरायची. पहिल्या संध्याकाळी त्याने शेवंडाचं हुमण करून घातलं, मी रडायचा बाकी होतो. तिसऱ्या आठवड्यात मला पत्त्याचा कागद लागला. इथे जुंता म्हणजे आपल्या पंचायतीसारखं वॉर्डाचं ऑफिस. ते रहिवासाचा दाखला देतं, आणि तो नसला की सरकारी दवाखान्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे अडतं. हा गृहस्थ म्हणाला, "पत्ता द्यायचा नाही हां, भाडं कागदावर नाहीय." हुमण दिलं, पत्ता दिला नाही. त्याचा मला आता राग नाही, त्याचीही अडचण होती. पण स्वागत आणि सोबत यांतला फरक मला त्या दिवशी कळला.

जुंताचा नियम असा, की दुसरा पुरावा नसेल तर त्याच वॉर्डाच्या मतदारयादीतल्या दोघांनी "हा इथेच राहतो" असं लिहून द्यायचं. दोन माणसं, दोन सह्या. लिस्बनमध्ये सात महिने राहून माझ्याकडे एकही सही नव्हती. नंतर सेतुबालला आलो, मासळीच्या वासाचं, लिस्बनहून तासाभरावरचं हे गाव. अकराव्या आठवड्यात दोन्ही सह्या झाल्या. एक खालच्या मजल्यावरच्या विधवा बाईची, जिच्या पिशव्या मी जिन्यावरून वर न्यायचो आणि जी माझ्या पोर्तुगीजला दर वेळी नाक मुरडायची. दुसरी कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्याची. त्याने सही करून कागद माझ्याकडे सरकवला, कपाखाली ठेवला होता म्हणून त्यावर कॉफीचा गोल डाग होता. जुंतातल्या बाईने डागाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

तेव्हापासून कुणी विचारलं की अमुक गाव कसं, तर मी देवळं आणि मसाल्याची दुकानं मोजत नाही. लिस्बनमध्ये राधाकृष्णाचं मोठं मंदिर आहे, मुख्यतः गुजराती मंडळींचं, दिवाळीला जरूर जा. कासा द गोआ ही गोवेकरांची संस्था आहे, तिथेही जा, जेवण आणि गाणी दोन्ही आवडतील. पण ते सणावाराचं. मंगळवारी संध्याकाळी ताप आला तर कोण येईल, ते वेगळं विचारायचं.

आणि एक गोष्ट तुझ्या बाबांना सांगू नकोस, उगाच घोर लागेल. लिस्बनमध्ये रुआ दो बेनफोर्मोझो नावाची गल्ली आहे, बांगलादेशी दुकानांची. डाळ, कढीपत्ता, कोकम नसलं तरी चिंच, सगळं तिथे. १९ डिसेंबर २०२४ला पोलिसांनी ती गल्ली बंद करून डझनावारी माणसं भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभी केली. आपल्याकडे त्या दिवशी मुक्तिदिनाची सुट्टी, आणि मी फोनवर तो फोटो बघत बसलेलो. त्या रांगेत मी असतो तर माझा पोर्तुगीज पासपोर्ट खिशात राहिला असता, पाठीवर दिसला नसता. पुढच्या महिन्यात त्याच शहरात हजारो लोक "आम्हाला भिंतीला लावू नका" म्हणत रस्त्यावर आले. कॅफेवाला आणि मी दोघं ट्रेनने गेलो. तो दुकान बंद करून आला होता, शनिवारी! तेव्हा देश चांगला की वाईट असं विचारू नकोस. दोन्ही बातम्या एकाच शहरातल्या आहेत.

पैशाचं थोडक्यात. २०२५ला इथलं किमान वेतन महिना ८७० युरो होतं, ते वर्षातून चौदा वेळा मिळतं, आणि लिस्बनमध्ये त्यातला मोठा वाटा एका खोलीतच जातो. छोट्या गावात काम कमी, भाडं कमी. तुला अकाउंट्स येतं, पण पोर्तुगीज आल्याशिवाय त्याला इथे किंमत नाही. आजपासून रोज एक तास शिक, आणि ब्राझीलचं नको, इथलं ऐक. इथले लोक स्वर गिळतात.

पेटी वाजवतेस ते सोडू नकोस. इथे गल्लोगल्ली मंडळं असतात, त्यांना कोलेक्तिव्हिदाद म्हणतात. एक खोली, एक छोटा बार, भिंतीवर जुन्या करंडकांची रांग, आणि पुष्कळ ठिकाणी बँड. बँड नव्या पोरांना वाद्य शिकवतो, बहुतेकदा फुकट. आपल्या भजनी मंडळासारखंच, फक्त तबल्याऐवजी ट्रॉम्बोन आणि चहाऐवजी बीर. तिथे कुणी तुला "तू कुठली" विचारण्याआधी "गुरुवारी येशील का" विचारतं.

आणि हे लक्षात ठेव, तू इथे पाहुणी म्हणून येत नाहीयेस. माझ्या शेजारच्या नेपाळी मुलाला जे वर्षानुवर्षं मिळणार नाही ते तुला पहिल्या दिवसापासून आहे: मत. वॉर्डाची सभा वर्षातून चार वेळा भरते, कुणीही जाऊन बोलू शकतं. मी जिन्यासमोरच्या बंद दिव्यासाठी तीन सभा बोललो. तिसऱ्या सभेला एक म्हातारा ओरडला, "अहो, त्या गोव्याच्या माणसाचा दिवा लावून टाका एकदाचा!" दिवा लागला. तो म्हातारा आता मला रोज नमस्कार करतो, आणि माझं उच्चारण सुधारतो.

तेव्हा तिकीट काढायचं तर फेब्रुवारीचं काढ. जूनमध्ये सार्डिन भाजतात, रस्त्यावर नाचतात, तेव्हा सगळंच गाव गोड वाटतं. फेब्रुवारीत पाऊस असतो, घरात हीटर नसतो, माणसं कंटाळलेली असतात. सहा आठवडे माझ्या मागच्या खोलीत राहा. ओल आहे, पण कमी. लोकरीचे मोजे आण, आईच्या हातची सोलं आण, तेओरची मूळ प्रत आण, फोटोकॉपी नको.

इथेच राहायचं ठरलंच तर एक सही माझी आहे, माझं नाव यादीत आहे. दुसरी तुला शोधायची आहे.

तुझा,
काका