पिल्लाचे दात आणि घरातली माणसं

प्रश्न : आमच्याकडे लॅब्राडोरचं नऊ आठवड्यांचं पिल्लू आहे. खेळायला घेतलं की हातापायांना कडकडून चावतं. संध्याकाळी तर सासूबाईंच्या साडीलाच लोंबकळतं. सहा वर्षांचा मुलगा किंचाळत पळतो आणि ते त्याच्या मागे लागतं. नाकावर टिचकी मारून पाहिली, तर आणखीच चेकाळतं. हे पुढे चावरं निघेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : या वयातल्या चावण्यावरून पिल्लू चावरं निघेल असं ठरत नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात त्याला दुधाचे २८ दात येतात. जबड्यात फारसा जोर नसतो, पण टोकं सुईसारखी असतात. भावंडांबरोबर असताना एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. कितपत चावलेलं चालतं, हे पिल्लू तिथंच शिकतं. आठव्या आठवड्यात, आणि आपल्याकडे बरेचदा त्याआधीच, ते घरी येतं आणि शिकणं अर्धवट राहतं. ते आता तुम्हाला पूर्ण करायचं आहे.

खेळताना रिकाम्या हातानं खेळवू नका. हातभर लांबीचा कापडी किंवा दोरीचा पट्टा घ्या, म्हणजे तोंड आणि बोटं यांत अंतर राहतं. तो पिल्लाच्या डोक्यावर नाचवू नका, जमिनीवरून सरपटत न्या. वर नाचवला की ते उड्या मारतं आणि दात मनगटाला लागतात. एका वेळी तीन-चार मिनिटं खेळणं पुरे.

दात कातडीला लागला की हात झटकू नका. झटकलेला हात म्हणजे पळणारी शिकार, पिल्लू तो आणखी घट्ट धरतं. हात आहे तिथंच सैल सोडा, शांत आवाजात एकदाच ‘बास’ म्हणा, उठून हाताची घडी घाला आणि पाठ फिरवा. दहा-पंधरा सेकंदांनी पट्टा घेऊन खेळ पुन्हा सुरू करा. लागोपाठ तिसऱ्यांदा चावलं तर तुम्हीच दाराबाहेर जा आणि अर्ध्या मिनिटानं परत या. पाच-दहा मिनिटं बाहेर राहण्यात अर्थ नाही, तोवर आपण का निघून गेलो याचा संबंध त्याच्या लेखी तुटलेला असतो. बाथरूममध्ये तर कोंडू नकाच. पुढे अंघोळीला तिथं न्यायचं म्हटलं की ते पाय रोवून बसेल.

‘आई गं!’ असं जोरात ओरडावं, असा सल्ला सर्रास दिला जातो. काही पिल्लं त्यानं दचकून थांबतात, पण बरीचशी अधिक चेकाळतात. तुमचं चेकाळणारं दिसतंय, तेव्हा ओरडू नका. टिचकी मारणं, तोंड दाबून धरणं, उताणं पाडून दाबून ठेवणं हे सगळं बंद करा. त्यातून पिल्लू हाताला घाबरायला शिकतं. गुरगुरल्यावर मार बसला, तर पुढे न गुरगुरता थेट चावणारा कुत्रा तयार होतो, आणि तो खरोखर धोक्याचा.

साडीचा प्रश्न थोडा वेगळा आहे, कारण हलणारा काठ हेच पिल्लाचं खेळणं आहे. सासूबाईंनी काही आठवडे पदर खोचून घ्यावा आणि पिल्लानं काठ धरला तर ओढाताण न करता जागीच उभं राहावं. काठ हलायचा थांबला की मजा संपते. सुटल्याबरोबर त्याच्या रोजच्या कोरड्या खाण्यातला एक दाणा द्या. तोंडात काठ असताना मात्र खाऊ दाखवू नका, नाहीतर काठ धरला की खाऊ मिळतो असं ते शिकेल. मुलाला ‘झाड व्हायला’ शिकवा : पळायचं नाही, हात छातीशी, नजर स्वतःच्या पावलांवर. मोठं माणूस शेजारी नसताना मुलगा आणि पिल्लू एकत्र नकोतच.

एक गोष्ट बहुतेक घरांत नजरेआड होते, ती म्हणजे झोप. या वयाचं पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. आपल्याकडे संध्याकाळी सातला सगळे घरी येतात, झोपलेल्या पिल्लाला उचलतात आणि ते जेवणं होईपर्यंत जागं राहतं. मग ते डोळे तारवटून घरभर धावतं, समोर येईल त्याला चावतं, आणि आपण त्याला मस्ती म्हणतो. खरं तर ते पेंगुळलेलं असतं. तासभर जागं राहिलं की त्याला शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात चघळायला काहीतरी देऊन झोपवा. संध्याकाळचं अर्धं चावणं एवढ्यानंच कमी होतं.

सुरुवातीचे तीन-चार दिवस चावणं वाढल्यासारखं वाटेल, कारण आजवर चालत आलेली युक्ती पिल्लू जोर लावून पुन्हा वापरून बघतं. त्याच दिवसांत कुणी एकानं हातानं खेळवलं, तर जोरात चावलं की जमतं हाच धडा पक्का होतो. म्हणून घरातल्या सगळ्यांनी, पाहुण्यांनीसुद्धा, अगदी एकसारखं वागायचं.

प्रश्न : चार महिन्यांच्या पिल्लाचं चावणं बंद झालं होतं, आता पुन्हा सुरू झालंय. – एक वाचक, नाशिक

उत्तर : दात बदलताहेत. सात महिन्यांपर्यंत ४२ कायमचे दात येतात आणि तोवर हिरड्या ठणकतात. सुती फडकं ओलं करून पिळा, त्याला गाठ मारा आणि फ्रीझरमध्ये घट्ट करून चघळायला द्या. अख्खं थंड गाजरही चालतं, पण दोन्ही वेळी समोर बसा. खेळण्यावर अंगठ्याचं नख दाबून बघा, खूण उमटत नसेल तर ते दातांसाठी फार कडक आहे. शिजवलेली हाडं नकोत, त्यांचे टोकदार तुकडे होतात. जुनी चप्पलही नको, जुनी आणि नवी यांतला फरक त्याला कळत नाही. नवा सुळा आला तरी शेजारचा दुधाचा पडला नसेल, तर पशुवैद्यांना दाखवा. पॉमेरेनियनसारख्या लहान जातींत हे बरेचदा होतं.

प्रश्न : रस्त्यावरून आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाचा दात लागून जरासं रक्त आलं. एवढ्याशा पिल्लाला रेबीज असेल का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : असू शकतो, वय लहान म्हणून तो होत नाही असं नाही. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात, म्हणजे तुमचं पिल्लू अजून सुरक्षित नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि रक्त आलं होतं हे आवर्जून सांगा, कारण मग लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवा, पण ते ठणठणीत दिसतंय म्हणून स्वतःची लस पुढे ढकलू नका.